खाडीत होडीचं वल्हं माझ्या हाती आलं तेव्हा...

नाताळच्या सुट्टीत आगरदांड्याच्या खाडीत होडीतून भटकून आले... कालच मुंबईला परतले. सगळ्या मैत्रिणी बोलपट बघायला गेल्या होत्या आणि मी दादाबरोबर, म्हणजे माझ्या थोरल्या भावाबरोबर, तंबू नि स्टोव्ह घेऊन आगबोटीत बसले.

घरी आईचा विरोध होता. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईने तंबूत राहायचं म्हणजे काय... पण दादा सोबत आहे म्हटल्यावर तिने डब्यात लाडू भरून दिले.

आम्हाला खाडी दाखवायला धाकूकाका होते. आगरदांड्याचे कोळी, खाडीतच जन्म गेलेला. होडी लांबट, अरुंद... दादा पुढे वल्हं मारायला, काका मागे दिशा सांभाळायला आणि मी मधे, सामानासारखी.

पहिला दिवस नुसता बघण्यात गेला. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत, चिखलात लाल खेकडे, डोक्यावरून घारी... संध्याकाळी पलीकडच्या काठावर गवताळ जागा बघून तंबू ठोकला. काकांनी भाजलेली मासळी नि तांदळाची भाकरी... इतकी भूक मला मुंबईत कधी लागलेली आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू तिथेच ठेवून खाडी ओलांडली आणि तिवरांमधल्या एका चिंचोळ्या फाट्यात शिरलो. काका म्हणाले होते, आत रोहित पक्षी उतरतात. आणि उतरले होते हो... उथळ पाण्यात गुलाबी थवेच्या थवे. दादा कॅमेरा काढायचंच विसरला.

परत निघण्याआधी काकांनी जेवणासाठी जाळं टाकलं. त्यात एक शिंगाळा आला. मिशा असलेला हा मासा, त्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे विषारी काटे असतात. सोडवताना माशाने उसळी मारली आणि काटा काकांच्या तळहातात खोल गेला.

काटा त्यांनी स्वतःच उपटला, पण बघता बघता हात सुजला. घामाने चेहरा भिजला. वल्हं धरवेना... आणि ओहोटी सुरू झालेली. फाट्यातलं पाणी उतरलं असतं तर आम्ही चिखलात रुतलो असतो, आणि हे विष उतरतं गरम पाण्याने, तर पाणी तापवायचा स्टोव्ह तंबूत.

दादा उठायला लागला तशी होडी डुचमळली. "तू फुडंच ऱ्हा," काका म्हणाले. "जोर तुझा लागंल. बाय, तू मागं ये."

बाय म्हणजे मी. मी आयुष्यात कधी वल्हं धरलं नव्हतं.

रांगत मागे गेले. काका माझ्या जागी टेकून बसले, तोंड माझ्याकडे. "डावीकडं मारशील तं तोंड उजवीकडं फिरंल. येवढंच ध्यानात ठेव."

एवढंच... पण पाणी आम्हाला ओढत होतं आणि वळणं एकामागून एक. पहिल्याच वळणावर मी होडी सरळ तिवरांच्या मुळांत घातली. काका रागावले नाहीत. "भियाचं न्हाय, मागं रेट," इतकंच बोलले, दात आवळून. पुढच्या वळणाला नुसती घासली. त्यापुढचं वळण मी स्वच्छ घेतलं, आणि अशा वेळीसुद्धा मला उकळ्या फुटत होत्या...

मोठ्या खाडीत आलो तेव्हा खरी धडकी भरली. तंबू समोर दिसत होता, पण ओहोटी समुद्राकडे चालली होती. सरळ गेलो असतो तर पार खाली वाहून गेलो असतो.

"होडीचं तोंड वरच्या अंगाला धर," काका म्हणाले. "पानीच तुला पलीकडं न्हेईल."

तंबू एकीकडे आणि होडीचं तोंड भलतीकडे, प्रवाहाच्या उलट... मनाला पटेना, पण धरलं. दादा जीव तोडून वल्हवत होता. काठ हळूहळू, तिरका तिरका जवळ आला आणि होडी तंबूच्या जरा खाली गवतात घुसली.

मी उतरून धावत स्टोव्ह पेटवला. सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवल्यावर काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. दुपारी त्यांनी स्वतः चहा मागितला, तेव्हा दादा आणि मी एकमेकांकडे बघून उगाचच हसत सुटलो.

परतीच्या वाटेवरही मागे मीच बसले. हाताला पट्टी बांधून काका पुढ्यात बसलेले, मधूनच एखादा शब्द सांगत. आगरदांड्याच्या धक्क्यावर त्यांची बायको वाट बघत होती. पट्टी बघून ती घाबरली. "होडी कुनी आनली मंग?"

काकांनी नुसती माझ्याकडे मान हलवली. काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं, माझे दोन्ही हात हातात घेतले, तळव्यांवरचे फोड बघितले आणि म्हणाल्या, "चल घरी, तेल लावते."

त्या तेलाचा वास अजून हातांना आहे... आणि मला तो धुवावासा वाटत नाही.