चिमटेरावांच्या तीन चादरी

कपडे धुण्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून जो माणूस जन्मभर लोकांचे डाग काढतो, त्याला कशाची किळस येत नसेल असं आपल्याला वाटतं. चिमटेरावांना यायची. गिऱ्हाइकाचा शर्ट ते लांब चिमट्यानं उचलायचे, नाक दुसरीकडे वळवायचे आणि एका डोळ्यानं डाग न्याहाळायचे. नाव त्यावरूनच पडलं. काम मात्र चोख. डाग कशाचा आणि किती जुना, हे बसल्या जागी सांगायचे. ‘काल चहा सांडला हो,’ म्हणणाऱ्या बाईला ते तोंडावर सांगत, ‘चहा नाही, खोकल्याचं औषध. आणि काल नाही, रविवारी.’ माणसं किती घाणेरडी असतात हे एक देवाला ठाऊक आणि दुसरं मला, असं ते चारचौघांत म्हणायचे.

घरी तीन वर्षांची लेक होती. गालांमुळे तिला सगळे ढब्बू म्हणत. चिमटेरावांचा तिच्यावर जीव होता, पण आंघोळ घालून, नाक पुसून, कुणीतरी आयती हातात दिलेल्या ढब्बूवर. शेंबूड दिसला की हे गृहस्थ खोलीबाहेर. तीन वर्षांत त्यांनी तिचं एकदाही धुतलं नव्हतं, आणि हे सांगताना त्यांना लाजही वाटत नसे.

मग बायको धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला चार दिवसांसाठी गेली. जाताना दारात म्हणाली, “अहो, जरा हात घाण झाले म्हणून माणूस मरत नाही. पोरीकडे नीट बघा.”

“बघतो गं. मी काय परका आहे?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ढब्बूला ताप भरला. तापाचं औषध पाजलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला, इथपर्यंत चिमटेराव ठीक होते. दिवेलागणीनंतर ती पलंगावर उठून बसली आणि भडाभडा ओकली.

“शी! शी! घाण! अगं, सांगायचं नाही का आधी? हो बाजूला!”

हनुवटीवरून ओघळ गळत असलेली पोर बावरून बापाकडे बघत राहिली. बापानं स्वयंपाकघरातून चिमटा आणला (बायकोनं पाहिलं असतं तर त्याच चिमट्यानं नाक ओढलं असतं), श्वास रोखला, डोळे मिटले, चादरीची गुंडाळी केली आणि मशीनमध्ये कोंबली. साबण दुप्पट. पोरीला हातभर लांबून पुसलं. अर्ध्या तासात दुसरी चादर, नऊच्या आधी तिसरी. दर वेळी तोच श्वास रोखणं, तेच मिटलेले डोळे आणि तोंडातून तेच ‘शी’. आंबूस वासानं त्यांचं डोकं भणभणलं होतं. एवढ्याशा पोटात एवढी घाण मावते कशी, याचाच त्यांना राग येत होता.

त्यानंतर उलट्या थांबल्या. सुटलो एकदाचे, म्हणून त्यांनी खिडकी उघडली आणि हात कोपरापर्यंत धुतले. ढब्बू पडून होती. मधूनच पाय पोटाशी घेऊन किंचाळायची, मग मलूल पडायची. दोनदा उठून खेळण्यांच्या कोपऱ्यात जाऊन आली. खेळायला लागली म्हणजे उतार पडतोय, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

एक वाजला तरी अंग तापलेलं. ओठ सुकलेले, चेहरा पांढराफटक. आता मात्र चिमटेरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी रुग्णालयात फोन लावला. रात्रपाळीची डॉक्टर लाइनवर आली.

“उलट्या किती झाल्या?”

“तीन.”

“रंग कसला होता?”

चिमटेरावांनी दोरीकडे पाहिलं.

“दुधासारखी? पिवळी? हिरवी?”

“मी... चादरी धुऊन टाकल्या.”

“चादरींचं नाही विचारत मी. उलटीचा रंग विचारतेय. तुम्ही समोर होतात ना?”

समोर होते. दोरीवर तीन चादरी वाळत होत्या, स्वच्छ, कुठे ठिपकासुद्धा नाही. डाग कशाचा ते कळल्याशिवाय पाण्याचा थेंब लावायचा नाही, यावरून त्यांनी दुकानातल्या नव्या माणसांना रडवलं होतं. आणि स्वतःच्या पोरीच्या पोटातून काय पडलं, ते न बघता तीनदा गरम पाण्यात घातलं. स्वतःच्या तोंडावर थुंकता आलं असतं तर ते तेव्हा थुंकले असते.

“एकदा जरी हिरवी झाली असेल तर आतड्यात काही अडकलेलं असू शकतं, एक मिनिट थांबू नका,” डॉक्टर म्हणाली. “घरात कुठे काही राहिलंय का बघा. आणि फोन ठेवू नका.”

त्यांनी उशी हुंगली. फ्रॉक हुंगला. ज्या नाकाला आयुष्यभर जपलं, ते प्रथमच घाण शोधत फिरत होतं. नाकानं त्यांना खेळण्यांच्या टोपलीपाशी आणून सोडलं. वर बाहुलीचं पांघरूण नीट पसरलेलं होतं. ते त्यांनी हातानं उचललं. खाली ठोकळ्यांवर, अस्वलाच्या पोटावर, शेवाळासारखी गर्द हिरवी उलटी. त्यांना ओकारी आली, डोळ्यांना पाणी आलं, पण या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. एक थर ओला होता. त्याच्या खालचा वाळून कडेनं तडकलेला. कडा एवढी वाळायला तीन तास तरी लागतात.

“ढब्बू, इथे का गं केलीस?”

“तू शी म्हणतोस ना,” ती पुटपुटली.

‘हिरवी आहे, निघालो,’ एवढं फोनवर सांगून, एका खांद्यावर पोर आणि दुसऱ्या हातात टोपली घेऊन चिमटेराव रस्त्यावर धावले. टॅक्सीवाल्यानं टोपलीकडे पाहून नाक दाबलं आणि काच खाली केली. असं तोंड करणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी, असं त्यांना जन्मात प्रथमच वाटलं.

डॉक्टरनं टोपली दिव्याखाली धरली. “कधीपासून हिरवी?”

“पहिली दहाच्या सुमारास. दुसरी साडेबाराच्या पुढे.”

“तुम्ही पाहिलीत?”

“नाही. डाग वाळल्यावरून सांगतोय. ती लपून करत होती.”

“तीन वर्षांची मुलगी उलटी कशाला लपवेल?”

चिमटेरावांनी कारण सांगितलं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांकडे ते ज्या नजरेनं बघत, त्याच नजरेनं डॉक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ढब्बूला आत नेलं.

सोनोग्राफीत कळलं, आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकला होता. वरून काही खाली जायला वाटच नव्हती. खालून हवा सोडून तो भाग हळूहळू मागे ढकलला, तेव्हा उजाडत आलं होतं. “सुटलं,” बाहेर येऊन डॉक्टर म्हणाली. “सकाळपर्यंत वाट बघितली असतीत तर पोट उघडावं लागलं असतं. दहा वाजताच आणली असतीत तर तिला इतकं सोसावं लागलं नसतं.” चिमटेरावांनी मान हलवली. बायकोला फोन केला, काही न लपवता सगळं सांगितलं. मिळेल त्या गाडीनं निघते, म्हणाली. फोनवर ती ओरडली नाही, याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

उन्हं खोलीत आली तेव्हा ढब्बू जागी होती. ताप उतरला होता. नर्स सलाईनची नळी बघत पलंगाच्या पलीकडे उभी होती. अचानक ढब्बूचा गळा हलला, ओठ घट्ट मिटले. चिमटेराव झेपावले. दोन्ही हातांची ओंजळ त्यांनी तिच्या हनुवटीखाली धरली.

“इथे कर बाळा, माझ्या हातात. कर, काही होत नाही.”

ढब्बूनं आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान फिरवली आणि नर्सकडे हात पसरले.