साडेसहाची हजेरी

आमच्या वृद्धाश्रमाला वृद्धाश्रम म्हटलं की इथल्या लोकांना राग येतो. 'रिटायरमेंट व्हिलेज' म्हणायचं. इलेक्ट्रॉनिक सिटीच्याही पुढे बुटक्या घरांच्या सात ओळी, मधे हिरवंगार गवत आणि त्यावर पाटी, गवतावर चालू नये. चालायचं नाही तर म्हाताऱ्यांच्या गावात गवत लावलंच कशाला, असं मी आल्याच्या आठवड्यात लेखी विचारलं होतं. उत्तर अजून यायचंय.

लेखी विचारणं ही माझी जुनी खोड. बेंगळुरूच्याच एका सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. समोर आलेला भाग स्वतःच्या हातानं मोजल्याशिवाय त्याच्या कागदावर मी एकदाही सही केली नाही. साहेब ओरडले, युनियनवाले दारात येऊन बसले, तरी नाही. हे मी इथे सगळ्यांना सांगितलंय. बायको म्हणते, काहींना तीनतीनदा.

तीन वर्षांत आम्ही तीन मॅनेजर पाहिले. पहिला फौजेतून आलेला. सकाळी शिट्टी मारून आम्हाला फिरायला काढायचा, आणि गुडघ्यांच्या ऑपरेशनचं कारण त्याला पटायचं नाही. दुसरा हॉटेलातला. तो आम्हाला 'गेस्ट' म्हणायचा आणि टॉवेलांचे हंस करवून पलंगावर ठेववायचा. तोंड पुसायचं तर आधी हंसाची मान सोडवा! निरोपसमारंभात हा गृहस्थ ढसाढसा रडला, 'तुम्ही सगळे माझे आईवडील' म्हणाला, शाल-नारळ घेतला, आणि पंधरा दिवसांत के. आर. पुरमकडच्या दुसऱ्या व्हिलेजमधल्या म्हाताऱ्यांना आईवडील म्हणू लागला. तिसरा सध्याचा. वय बत्तीस, दाढी कोरलेली, प्रत्येक वाक्याआधी 'सो'. याच्या लेखी आम्ही 'कम्युनिटी'.

या सगळ्या ये-जामध्ये न बदललेली एकच बाई, आमची अक्का. साफसफाईच्या बायकांची मुकादम. वय पंचेचाळीस असेल, आणि आम्ही सत्तरी-ऐंशीचे सगळे तिला अक्का म्हणतो. रोज सकाळी साडेसहाला ती आमच्या ओळीतून चालत जायची. कुणाचा नळ वाजतोय, कुणाचा खोकला ऐकू येतोय, दाराला टांगलेल्या पिशवीतलं दूध आत गेलंय का, एवढंच बघायची. जिथे काही चाहूल नाही तिथे दार बडवायची. बडवायची म्हणजे दोन्ही हातांनी! "एनु सार, चेन्नागिद्दीरा?" बरे आहात ना? आतून उत्तर आलं की पुढच्या दाराला. उत्तर नाही आलं तर कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढायची.

आता साडेसहा ही माझी संडासाची वेळ. तिथे बसून "चेन्नागिद्दीनी, चेन्नागिद्दीनी" म्हणजे बरा आहे, असं सगळ्या ओळीला ओरडून सांगावं लागायचं. एका शिकल्यासवरल्या माणसानं हे किती दिवस सोसायचं? नवा मॅनेजर आल्याआल्या मी दीड पानी तक्रार दिली. विषय, दार बडवण्याच्या पद्धतीबाबत. त्यात 'खाजगीपणा' हा शब्द पाच वेळा होता. बायको वाचून म्हणाली, "दार बडवणारं कोणी आहे, याचा त्रास होतोय होय तुम्हाला?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. तेवढं मला उत्तम जमतं.

मॅनेजरला माझं पत्र म्हणजे आयतं घबाड मिळालं. महिन्याभरात त्यानं अ‍ॅप आणलं. फोनवर हसरा सूर्य यायचा, सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी पाच ते सहा या वेळात तो दाबायचा. दाबला की एक गोड बाई बोलायची, "गुड मॉर्निंग! यू आर डूइंग ग्रेट!" झाली हजेरी. अक्काची फेरी बंद. तिला मागे लॉन्ड्रीत चादरी मोजायला बसवलं आणि किल्ल्या परत करायला सांगितल्या. उद्घाटनाच्या दिवशी मॅनेजरनं माझं नाव घेऊन आभार मानले. टाळ्या झाल्या, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

सूर्य दाबायचा राहिला तर निरोप इथल्या माणसांना जायचा नाही, थेट मुलांना जायचा. पहिल्याच आठवड्यात आमच्या ओळीतले कर्नल डोक्याला तेल चोपडून बसले आणि विसरले. तासाभरात शिकागो, सिडनी आणि पुण्याहून फोन! मुलगी रडतेय, जावई तिकिटं बघतोय, आणि हे तेलकट डोक्यानं सांगताहेत, अगं मी जिवंत आहे. त्या दिवसापासून सगळ्यांची पाचावर धारण बसली. पडण्याची भीती राहिली बाजूला, मुलांचा फोन येण्याची भीती मोठी झाली.

मग आमच्या ओळीनं तोडगा काढला. पहाटे उठणारा, फोन कळणारा आणि विश्वासाचा माणूस कोण? अर्थात मी. चार घरांनी आपापले पासवर्ड माझ्या डायरीत लिहून दिले. चौथं घर होतं शेजारच्या बाईंचं. बसवनगुडीतल्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या, तीन पिढ्या बेंगळुरूच्याच, लग्न न केलेल्या. भाचा कॅनडात. "अहो इंजिनियर, माझंही स्वल्प, जरासं, दाबून टाकत चला," त्या म्हणाल्या, "पहाटे मला चष्मा सापडत नाही, सूर्य कुठला सापडणार!" मी म्हटलं, काळजीच सोडा.

या कामासाठी मी संडासाची वेळ अर्धा तास अलीकडे ओढली. रोज सकाळी साडेसहाला मी कॉफी घेऊन, रेडिओ लावून बसायचो आणि पाच वेळा अंगठा लावायचो. पाच घरं छान. मी दाबलं की ज्याच्या त्याच्या घरात ज्याचा त्याचा फोन बोलायचा. पस्तीस वर्षं मोजल्याशिवाय सही न करणारा मी! तेव्हा हे डोक्यातसुद्धा आलं नाही. उलट आपण समाजकार्य करतोय अशीच समजूत होती.

त्या मंगळवारी आठच्या सुमाराला बाहेर आरडाओरडा झाला. धुतलेल्या चादरींचा ढिगारा घेऊन अक्का आमच्या ओळीतून चालली होती. तिला बाईंच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. तिनं दार बडवलं, दोन्ही हातांनी. उत्तर नाही. तिनं कमरेची किल्ली लावली. परत केलीच नव्हती बयेनं! बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. खुबा मोडलेला, हातपाय गार. अक्कानं धुतलेल्या चादरी त्यांच्या अंगावर घातल्या आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

बाई वाचल्या. गुरुवारी नोटीस लागली. अ‍ॅपच्या नोंदीनुसार रहिवासी सकाळी सहा बत्तीसला सुखरूप होत्या, म्हणजे त्या नंतर पडल्या, आणि व्यवस्थेला लगेच सापडल्या. मात्र एका कर्मचारी महिलेनं किल्ली दडवून ठेवून परवानगीशिवाय घरात प्रवेश केला, सबब पहिल्या तारखेपासून तिचं काम बंद.

अक्का आमच्या दारात आली. दोन मुलींचं कॉलेज तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. आपल्या कन्नड-मराठी खिचडीत म्हणाली, "सार, अम्मा बर्फासारख्या गार होत्या. पहाटेपासून पडल्या असणार. मॅनेजर म्हणतो मी खोटं बोलते, मशीन खोटं बोलत नाही. तुम्ही मोठे इंजिनियर, तुम्ही सांगा ना, मशीन चुकतं का?"

मशीन चुकलं नव्हतं. सहा बत्तीसला मी बिस्किट बुडवत होतो.

ओळीतल्या तिघांना मी एकत्र बोलावलं. कर्नल म्हणाले, "नसती उठाठेव. मुलांना कळलं तर ती आपल्याला घरी घेऊन जातील." दुसरे म्हणाले, अक्काला दुसरीकडे काम मिळेलच, अशा बायकांना काय तोटा. तिसरे नुसते मान हलवत राहिले. भ्याडपणाला किती सभ्य आवाज असतो, ते त्या दिवशी ऐकलं. आणि सांगतो, त्यात माझाही होता. "बघू, शनिवारी सभा आहेच," असं म्हणून मी सुटलो. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "सभेत तुम्ही बोलताय की मी बोलू? मी बोलले तर तुमची ती पस्तीस वर्षंसुद्धा काढीन."

शनिवारी संध्याकाळी पाचला सभा. मॅनेजरनं पडद्यावर आलेख दाखवला. "सो, आपल्या कम्युनिटीची हजेरी शंभर टक्के!" टाळ्या. अक्का मागे दारापाशी उभी होती, पदर खोचून. तिला निरोपाची शालसुद्धा द्यायची नव्हती, कारण शाल फक्त ऑफिसच्या स्टाफला.

मी उभा राहिलो. म्हटलं, "त्या दिवशीचं सहा बत्तीस माझं आहे. बाईंचा सूर्य मी दाबला. रोज मीच दाबतो. त्यांच्या दाराकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. अक्का आली नसती तर संध्याकाळी पाचलाही मीच त्यांना छान करून टाकलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही. अक्का खरं बोलतेय."

सभागृहात कुजबूज सुरू झाली. मॅनेजर म्हणाला, "सो, हे एकट्या बाईंपुरतं असेल ना, अंकल?" मी ओळीतल्या तिघांकडे पाहिलं. कर्नल छाती काढून उठले. "आम्ही आमचं स्वतः दाबतो. या गृहस्थांचं वय झालंय." बाकीचे दोघं माना डोलवायला लागले.

अस्सं! माझं टाळकं सटकलं. मी खिशातून फोन आणि डायरी काढली. पाच वाजून गेलेलेच होते, आणि तिघंही माझ्यावर विसंबून बिनघोर बसले होते. मी कर्नलांचा पासवर्ड घातला आणि सूर्य दाबला. कर्नलांच्या बंडीच्या खिशातून ती गोड बाई बोलली, "गुड ईव्हनिंग! यू आर डूइंग ग्रेट!" मग दुसऱ्यांचा. मग तिसऱ्यांचा, तो त्यांच्या बायकोच्या पर्समधून बोलला. सगळं सभागृह आधी आ वासून बसलं आणि मग असं हसलं की काहींच्या कवळ्या धोक्यात आल्या. मागच्या ओळींतून दोघंतिघं पुटपुटले की आमच्याकडेही असंच आहे, आम्ही आमच्या ओळीतल्या डॉक्टरीणबाईंना पासवर्ड देऊन ठेवलेत. शंभर टक्क्यांचा आलेख पडद्यावर तसाच होता. मॅनेजरनं उठून प्रोजेक्टर बंद केला.

अक्का राहिली. रहिवाशांनी सह्या करून मागितलं, पहिली सही माझी, आणि या वेळी मोजून केलेली. फेरी पुन्हा सुरू झाली. मॅनेजरनं तिला 'वेलनेस असोसिएट' असा बिल्ला दिला, तो ती उलटा लावते.

पुढच्या आठवड्यात मोसंबी घेऊन मी बाईंना बघायला हॉस्पिटलात गेलो. मनात म्हणाल तर जरा ताठच होतो. सभेचा किस्सा रंगवून सांगितला, खिशातल्या फोनचा, पर्समधल्या फोनचा. बाई हसल्या, खुबा धरून हसल्या. अक्काचं काम राहिलं ऐकून म्हणाल्या, "सरी, ठीक, चांगलं केलंत." मग मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमची एकट्याची कुठे चूक? दुसऱ्याची हजेरी लावणाऱ्या पोरांना मी चाळीस वर्षं बाकावर उभं केलं, आणि शेवटी मीच तुम्हाला लावायला सांगितली."

मी विचारलं, "पडलात कधी नक्की?"

"पाच वाजले असतील. ओरडत होते. भिंतीपलीकडे तुम्ही उठल्याचं कळत होतं, नळ, मग रेडिओ. म्हटलं, आता ऐकतील. मी अजून जोरात ओरडले." त्यांनी उशी सरकवायची खूण केली, मी सरकवली. "मग टेबलावरचा फोन बोलला. यू आर डूइंग ग्रेट. तेव्हा ओरडणं बंद केलं."

"का हो?"

"तुम्ही सही केली ना," त्या म्हणाल्या. "आता कोण येणार?"

मी मोसंबं सोलायला घेतलं. सालीला नख लागेना. बाईंनीच हात पुढे करून ते माझ्याकडून घेतलं.