मुठीचा व्हिडिओ कॉल

अड्याळच्या बाजूला एका राईस मिलमध्ये मी ऑफिस सांभाळते. माझा आवाज मोठा, आणि राग त्याहून मोठा. मशीनवरच्या काकांवर मात्र दोन्हींचा उपयोग नव्हता. फोन लावला की उचलायचे, "हो जी" म्हणायचे, आणि करायचे आपल्या मनाचंच.

एक दिवस धान वर नेणारा पट्टा अडकलेला मला ऑफिसातल्या कॅमेऱ्यात दिसला. मी फोनवर बोंबलले, "काका, मशीन बंद करा!" "हो जी." मशीन चालूच! थोड्या वेळात जळका वास ऑफिसपर्यंत आला. मिलचे मालक शेठजी भडकले, "याले उद्यापासून येऊ नको म्हना. कोनाचं आयकतच नाही!" मीही तावातावानं म्हटलं, "बरोबर आहे." ते आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो.

सांगायला मीच गेले. काका जेवणाच्या सुट्टीत फोन पाहत बसले होते. मी त्यात डोकावले. मिलच्या ग्रुपवरच्या माझ्या लिहिलेल्या निरोपांना त्यांची उत्तरं होती, पण आवाजातला एकही निरोप त्यांनी उघडला नव्हता.

"काका, तुम्हाला ऐकू येत नाही?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "तीस वर्सं या मशीनजवळ उभा आहो, बाई. कान गेले. खिशात फोन थरथरला की हो जी म्हनतो. सांगतलं असतं तं कोनी ठेवलं असतं मले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन यायच्या आधी या गोंगाटात आम्ही हातांनीच बोलायचो. दारात उभं राहून मूठ वर केली की मशीन बंद, बोट गोल फिरवलं की चालू. फोन आले आणि आम्ही खुर्चीवरून उठणंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी शेठजींना म्हटलं, "फक्त एकदा बघा." काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि त्यांचा चेहरा दिसताच एक शब्द न बोलता मूठ वर केली. सगळी मिल थांबली.

शेठजींनी कॅमेऱ्यात थांबलेला पट्टा पाहिला. मग म्हणाले, "राहू द्या त्याहिले."

मी आनंदानं सवयीप्रमाणे ओरडलेच, "काका, शाब्बास!"

लगेच त्यांचा निरोप आला, "ओरडू नका बाई, दिसते मले. काम टिकलं ना माझं?"

माझे डोळे भरून आले होते. काही टाइप करायला जमेना. मी फोनसमोर बोट गोल फिरवलं.