शेगडीचं माहितीपत्रक

आत्याच्या नाकावर कायम राग. छापखान्यात ती मुद्रितं तपासायची, तेव्हा तिथले लोक तिला ठिणगीच म्हणत. तिथली रीत अशी, की एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचणाऱ्याने अंदाजाने शब्द ठोकून दिला, की आत्याची पेन्सिल टेबलावर आपटलीच. पुढे छापखाना बंद पडला. धाकट्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायला येताना तिने पेन्सिल तेवढी बरोबर आणली.

भाचीला शाळेने टॅबलेट दिला होता. रोज एक गोष्ट वाचायची, पानं सरकवायची, की तारे मिळायचे. एक दिवस खाडा झाला की सगळे तारे गेले. पोरगी चार दिवसांत कंटाळली, पण तारे बुडू देणार कोण? मग भाजी निवडता निवडता वहिनी पानं सरकवू लागली, कामावर जाताना बसमध्ये भाऊ. टॅबलेट गोष्ट स्वतःच मोठ्याने वाचायचा, तेव्हा यांनाही तसदी नव्हती. थोडक्यात, त्या घरात वाचत होता तो फक्त टॅबलेट.

आणि शाळेने भाचीला उत्तम वाचक ठरवलं. शुक्रवारी सगळ्या शाळेसमोर एक पान वाचायचं आणि पदक घ्यायचं.

आता आली का पंचाईत! भावाने ते पान तिच्याकडून घोकून घेतलं आणि रात्री जेवणं झाल्यावर तिला सगळ्यांपुढे उभं केलं. सुतारपक्ष्याची गोष्ट होती. पोरगी कागद धरून घडाघडा बोलत सुटली. वहिनीने डोळे पुसले. आत्या मात्र पोरीच्या डोळ्यांकडे पाहत होती. ती उठली, ओट्यावरचं नव्या शेगडीचं माहितीपत्रक उचललं आणि अलगद त्या कागदावर ठेवलं. पोरीने खाली पाहिलं. तिचे कान लाल झाले, पण आवाज थांबला नाही. शेगडीच्या चित्रावर बोट फिरवत तिने सुतारपक्ष्याला घरट्यापर्यंत पोचवलं.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊ म्हणाला, "लहान आहे गं ताई. नेईल निभावून."

"नेईल ना. तेच तर वाईट आहे."

शाळेत आमचं नाक कापलं जाईल, असं वहिनी पुटपुटली. तुमचं नाक जपायला पोरीने जन्मभर पोपटपंची करायची का, असं आत्याने विचारलं आणि दिवा न लावताच ती जिना चढून गेली. मागोमाग भाची आली. दारातच उभी राहून म्हणाली, "आत्या, मला खरंच येत नाही."

सकाळी आत्या शाळेत जाऊन थडकली. वर्गाच्या बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. हिच्याइतके तारे वर्गात कुणाचेच नाहीत, असं त्या म्हणाल्या.

"तारे आमच्या वहिनीचे आहेत," आत्या म्हणाली. "पदक तिलाच द्या. आणि पोरीला एकदा तरी समोर बसवून ऐका. पडद्याला कान नसतात, तुम्हाला आहेत."

पदक दुसऱ्याच मुलाला मिळालं. भावाने बोलणं टाकलं. वहिनी ताट वर पाठवायची, तेही झाकण आपटून.

शुक्रवारी संध्याकाळी भाची तेच माहितीपत्रक घेऊन वर आली आणि तोंड फुगवून वाचायला बसली. दुसऱ्याच ओळीत अडली, काहीतरी ठोकून पुढे सरकली. पेन्सिल टेबलावर आपटली.

"अंदाज नको. परत."

शब्द आत्याच्या अगदी ओठांवर होता. तो तिने दातांखाली धरून ठेवला. पोरीने तिच्याकडे रागाने पाहिलं, आणि तितक्याच रागाने बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं.