काळ्या दगडावर संशय

आख्ख्या वऱ्हाडात पायाखालच्या जमिनीवर संशय घेणारा एकच माणूस होता आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. मावसाजी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्तीनंतर चांदूर बाजारला राहिले. भूकंप हिमालयात होतो, जपानात होतो, आपला काळा दगड कधी हलत नाही, असे त्या काळी शाळेत शिकवत आणि सगळे मानत. मावसाजी मानत नसत. अडतीस साली सातपुड्याच्या पायथ्याशी पुलाच्या कामावर असताना, एका सकाळी निंबाच्या काडीने दात घासता घासता त्यांच्या पायाखालची जमीन हलली. शेजारचा मिस्त्री म्हणाला, "साहेबाले चक्कर आली." तो अपमान त्यांना पुढची तीस वर्षे पुरला.

त्यांच्या घरी पाहुण्याला पाणी मिळण्याआधी कच्छ मिळे. दीडशे वर्षांपूर्वी तिथे भूकंपाने सपाट रणातून कोसच्या कोस लांब बांध एका संध्याकाळी कसा वर आला, हे ते सांगत. मग अमेरिका येई. तिथल्या मधल्या मुलखात, डोंगर ना समुद्र अशा ठिकाणी, मिसिसिपी नदी भूकंपाने काही वेळ उलटी वाहिली होती. "आता सांग, तिथं कोन्ता हिमालय होता?" असे ते विचारत, जणू तो पाहुण्यानेच लपवून ठेवला आहे. बैठकीत आढ्याला गवंड्याचा ओळंबा टांगलेला असे आणि त्याच्या टोकाखाली राखेचे ताट. जमीन हलली तर राखेत रेघ उमटावी, ही योजना. रेघा उमटत, बहुतेक मांजराच्या असत. मावशी म्हणे, "त्या ताटाले दिवसातून चारदा पायतात. मले ताप आला तं तिसऱ्या दिवशी मालूम पडलं."

ओळंबा प्रवासातही सोबत असे. त्यांच्या मुलीला पाहायला मंडळी येणार होती ती अकोल्याला, मावसाजींच्या भावाकडे. तिथेही त्यांनी तो खुंटीला लावला. पोह्यांच्या बशा हातात पडल्या आणि ओळंबा झुलू लागला. मावसाजी ओरडले, "बाहेर निंगा! धरनी हालली!" नवरामुलगा, त्याची आई, त्याची आत्या, सगळे बशांसकट रस्त्यावर आले. नवऱ्यामुलाच्या वडिलांनी रस्त्यातच उभ्याने शांतपणे पोहे संपवले आणि ते म्हणाले, "ओव्हरसियरसाहेब, धरनी नाई. मांगच्या गल्लीत कापसाच्या गाठी दाबनारा प्रेस सुरू झाला." मावसाजींनी मान खाली घातली. सोयरीक मोडली, असे मावशीने धरले होते. पण ते गृहस्थ पुढे म्हणाले, "पयले पाहुने काढले, मंग पोरगी, सोता सर्व्यात शेवटी निंगाले. असा व्याही कुठं भेटते?" लग्न त्याच वैशाखात झाले.

मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. मावसाजी दर वर्षी एक पत्र पाठवत. विषय, संदर्भ, सहपत्र एक, अशा सरकारी थाटात. मजकूर एकच असे. गावोगावच्या शाळांच्या दगडी भिंती म्हणजे दोन सुटे थर असतात आणि मधे माती. थर जोडणारा लांब आडवा दगड गवंडी घालत नाहीत. जमीन हलली तर दोन्ही थर फाकतील आणि मुले खाली सापडतील. एवढे एकदा छापून यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, असे आमच्याकडे शिकवले जाई. मी पत्र बाजूला ठेवी.

सदुसष्टच्या डिसेंबरात, एका सोमवारी पहाटे, कोयनेला भूकंप झाला. काळ्या दगडातच. दोन दिवसांनी मी संपादकांच्या परवानगीने चांदूर बाजारची बस धरली.

"पत्र द्या मावसाजी. पहिल्या पानावर घेतो."

"आता काहून?"

"आता लोक वाचतील."

"तिकडं मानसं भिंतीखाली गेले, अन् मी इथं बसून म्हनू, पाय, मी सांगतलं होतं?"

मी तिकडचे एक छायाचित्र नेले होते. पडक्या घराच्या भिंतीचे दोन थर उघड्या पुस्तकासारखे फाकले होते. त्यांनी ते बराच वेळ पाहिले.

"मांगची पत्रं तं असतीन तुमच्याकडे?"

"नाही."

"आवक रजिस्टरले नोंद तरी?"

वर्तमानपत्रात तसले रजिस्टर नसते, हे मी सांगितले. आपला इशारा कुठेतरी फायलीत लागलेला आहे, असे ते इतकी वर्षे धरून चालले होते. ते "बरं" म्हणाले आणि मावशीला चहा टाकायला सांगितला. मला त्यांच्याकडे पाहवेना.

त्यांनी पत्र पुन्हा लिहिले नाही. पुढच्या उन्हाळ्यात जवळच्या एका गावात शाळेचे काम निघाले, तेव्हा मात्र ते रोज छत्री घेऊन तिथे उभे राहू लागले. कोणी बोलावले नव्हते. गवंडी हसत, म्हणत, "आले बाप्पा, भूकंपवाले आले." पण ते जाईपर्यंत लांब दगड घालावाच लागे, आणि ते दिवस मावळेपर्यंत जात नसत.

मावसाजी वारल्यानंतर एकदा मी ती शाळा मुद्दाम पाहून आलो. आत मुले पाढे म्हणत होती. मी भिंतीवरून हात फिरवला. गिलावा केल्यावर ते दगड कुठे आहेत, हे कळत नाही.