सुईणीवरचा अर्ज

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही आणि गंमत म्हणजे त्यात गुन्हा दाखलच झाला नाही. पन्नासच्या दशकाची अखेर होती. मालवण तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि मी तिथे नवा फौजदार होतो, अंगात कायदा जरा जास्तच भिनलेला.

एका सकाळी खाडीकाठच्या गावातला एक शेतकरी अर्ज घेऊन आला. त्याची दोन मुले जन्मानंतर आठ-दहा दिवसांत गेली होती. दोन्ही बाळंतपणे गावच्या म्हाताऱ्या सुईणीने केली होती.

“तिणा माजी दोन पोरां खाल्ल्यान, साहेबानू,” तो म्हणाला. “बायलेचे आता परत दिवस भरत इलेत. तिका आत टाका.”

करणीचा असला अर्ज मी एरवी फाईलला लावून मोकळा झालो असतो. पण दुपारी गावचा पोलीस पाटील येऊन हळूच सांगून गेला की, वाडीतली माणसे म्हातारीला मारून हाकलायच्या बेतात आहेत. म्हणून मी तिला जबाबासाठी ठाण्यात आणवले. खरे तर तिच्याच संरक्षणासाठी, पण ते तिला कोण सांगणार? ती कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसून राहिली.

गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही तेव्हा पोलीस पाटलाकडे असे. तपासणीत आम्ही तिच्यावर सही ठोकायचो, वाचत कोणीच नव्हते. त्या दिवशी मी ती वाचली. शेतकऱ्यांच्या वाडीत बाळे सहाव्या ते दहाव्या दिवशी दगावत होती. कारणाच्या रकान्यात सगळीकडे ‘ताप’. शेजारच्या, बोटीवर नोकऱ्या करणाऱ्यांच्या वाडीत मात्र बाळे जगत होती. सुईण दोन्हीकडे हीच. करणी करणारी बाई वाडी बघून करणी करते की काय? मला ते काही पटेना.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या डॉक्टरांना आणि त्या शेतकऱ्याला ठाण्यात बोलावले. म्हातारीला मी तासभर उलटसुलट विचारले. तिचे एकच उत्तर, “मी सगळा नीटच करतंय.” शेवटी मी वैतागलो.

“आजी, तोंडाने सांगू नको. करून दाखव.”

हवालदाराने टॉवेल गुंडाळून बाळ केले, त्याला सुतळीची नाळ लावली. शिपाई तोंड दाबून हसत होते. म्हातारीने मात्र तो टॉवेलही दोन्ही हातांनी, जपून घेतला. मग तिने ठाण्याची कोयती मागितली. आवारातले गवत कापायची गंजकी कोयती शिपायाने आणून दिली. तिने ती लुगड्याला पुसली आणि सुतळी कापली.

“तुझी स्वतःची सुरी नाही?” डॉक्टरांनी विचारले.

“परक्या घराचा लोखंड पोराक लावचा नाय. ज्या घरात पोर, त्याच घराची कोयती घेतंय.”

“आणि बोटवाल्यांच्या घरी?”

“ते मुंबयसून दाढीची पाती हाडतत. कागदातली, नवी.”

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. गोठ्यातल्या शेणामातीत वापरलेल्या कोयतीने नाळ कापली की बाळाला धनुर्वात होतो, जबडा आवळतो आणि ते दूध ओढायचे थांबते, असे त्यांनी समजावून सांगितले.

“व्हय,” म्हातारी पुटपुटली. “पयला दूद सोडतत.”

“कोयती मियाच दिलंय,” शेतकरी म्हणाला. त्यानंतर त्याने अर्जाचे नाव काढले नाही.

डॉक्टरांनी आपली कात्री देऊ केली. म्हातारी हातही लावेना. परक्या घरचे लोखंड! डॉक्टर चिडले. तेव्हा मी शेतकऱ्याला म्हटले, “तू बाजारातून नवे पाते घेऊन जा. म्हणजे ते तुझ्याच घरचे झाले. भाताच्या टोपात उकळायचे आणि मगच हिच्या हातात द्यायचे.” म्हातारीने मान डोलावली.

चार दिवसांनी मुलगी झाली. पुढचे दिवस माझे मला ठाऊक. पोर दगावली असती तर वाडीने म्हातारीला सोडले नसते, आणि तिला परत पाठवणारा मी होतो. हवालदार रोज गावात फेरी मारून यायचा आणि दारातूनच सांगायचा, “दूद पिता, साहेब.” सहावा दिवस गेला, आठवा गेला. अकराव्या दिवशी तो म्हणाला, “पिता, आणि वाडी डोक्यार घेता.” मी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना चहा सांगितला. इतके हलके मला बढतीच्या दिवशीही वाटले नाही.

बारसे झाल्यावर म्हातारी आपण होऊन ठाण्यात आली.

“साहेबानू, आदीची पोरां माज्याच हातान गेली मा?”

“तुला ठाऊक नव्हते, आजी.”

“तां खरा. पण हात माजेच. माजो जबाब लिवन घेया. आणि दुसऱ्या गावांतल्या सुईणींक वाचून दाखवा. माजा नाव घालून. नायतर त्येंका खरा वाटाचा नाय.”

नोकरीत मी असंख्य जबाब घेतले. बहुतेक माणसे स्वतःला वाचवायला बोलतात आणि मीही तसे समजूनच ऐकत असे. ती खोड माझी तेव्हापासून कमी झाली. पोलीस पाटलांच्या पुढच्या बैठकीत तो जबाब मी स्वतः वाचून दाखवला, तिच्या नावासकट, आणि प्रत्येकाला आपापल्या गावच्या सुईणीला तो सांगायला लावला. खाली तिचा अंगठा होता.