दुखणं नेणारा शब्द

साचेखात्यात, म्हणजे मिलच्या मागांच्या शेडमध्ये, ज्याने उमर काढली त्याच्या कानात दोन गोष्टी साठतात. रुई आणि किस्से. रुई काडीने निघते. सत्तर-बहात्तरच्या सुमारास सोलापुरात मी त्या खात्यात टाइमकीपर होतो. माझ्या बाकीच्या किश्श्यांवर विश्वास ठेवला नाहीत तरी चालेल. पण एका आर्मेनियन शब्दाचे हे किस्से मी स्वतः पाहिलेले आहेत. निदान निम्मे तरी.

*

हाकोब साहेब कलकत्त्याहून आले ते नवे ऑटोमॅटिक माग बसवायला. घराणं चार पिढ्या कलकत्त्यात, पण मूळचे आर्मेनियन. उंच, वाळकुडा माणूस. बोली कलकत्त्याची हिंदी.

पहिल्याच दिवशी आमचा तेलवाला मल्हारी, मंगळवेढ्याचा, दाढ धरून बसलेला. साहेब जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटले, "त्सावत तानेम."

दुसऱ्या दिवशी मल्हारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कुडुमकुडुम खात होता आणि साहेबांचा गाल सुजलेला!

अर्थ विचारला. साहेबांनी सांगितलं की त्साव म्हणजे दुखणं, तानेम म्हणजे नेतो. तुझं दुखणं मी नेतो. आई लेकराला म्हणते, दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, आपण 'बाबा रे' म्हणतो तितक्या सहज. आणि गालाचं काय? गांधीलमाशी चावली म्हणाले.

मल्हारी म्हणाला, "तसं म्हनावंच लागतंय. देव तरी कुटं कबूल करतो?"

*

मग काय, दुपारच्या सुट्टीत साहेबांपुढे रांग लागायला लागली. पाठ, गुडघा, कान. एकाने सासूच आणली. साहेब नाही म्हणायचे नाहीत. प्रत्येकाला तेच दोन शब्द, तितक्याच मायेने.

फक्त यल्लप्पाला म्हणाले नाहीत.

यल्लप्पा आमचा सगळ्यात जुना विणकर. घरात चार पिढ्यांचा माग, घरी तेलुगू, मिलमध्ये मराठी. वर्षभरापासून त्याचा उजवा हात थरथरायचा. नवे माग सुरू झाले की विव्हिंग मास्तर एकेकाची परीक्षा घेणार होते. तुटलेला दोरा सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातून ओवायचा, घड्याळ लावून. जमलं तर मागावर, नाही तर घरी. यल्लप्पाला दुसरं काही येत नव्हतं.

त्याने हात पुढे केला. साहेबांनी तो बराच वेळ बघितला आणि डॉक्टरला दाखव म्हणून सांगितलं.

आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, रशीदभाई भडकला. सासूचं नेता आणि याचं नाही? साहेब शांतपणे म्हणाले, "दाँत बोलो, पीठ बोलो, ले जाएगा. हाथ नहीं. हाथ हमारा रोटी है."

म्हणजे आमच्यापेक्षा त्यांचाच विश्वास जास्त होता.

*

शब्दाची कीर्ती कॉलेजपर्यंत गेली. भाषा शिकवणारे एक प्रोफेसर कंबर धरत मिलच्या गेटवर आले. त्यांनी तासभर सिद्ध केलं की हा शब्द संस्कृतातूनच गेलेला आहे. रशीदभाईला हे पटेना. तो म्हणाला, "कायका संस्कृत? हमारी अम्मा बलाएँ लेती ना, वोइच है ये." मल्हारी म्हणाला, त्याची आयपण कानशिलावर कडाकडा बोटं मोडून अलाबला घेते, तेव्हा शब्द मंगळवेढ्याचा.

साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. म्हणाले, तुमच्याकडे दुखण्याचंही मूळ शोधतात, आमच्याकडे दुखलं की नेतात.

मग प्रोफेसरांच्या कमरेला हात लावून ते दोन शब्द म्हणाले. प्रोफेसर सायकल मारत गेले. संस्कृतचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

*

मल्हारीने शब्द पाठ केला आणि रविवारी गावी जाऊन बायकोवर चालवला. तिची पाठ धरली होती. त्याने खांद्यावर हात ठेवून, डोळे मिटून म्हटलं. तिने अर्थ विचारला, याने सांगितला.

ती म्हणाली, "मग हांडं उचला की."

सोमवारी स्वारी खाड्यावर. विहिरीवरून पाणी भरत होती. त्या आळीत 'तानेम' म्हणजे नवऱ्याने पाणी भरणे, असाच अर्थ बरीच वर्षं चालला म्हणतात.

*

दोन महिने झाले तसे साहेब थकलेले दिसायला लागले. रशीदभाईने हिशेब मांडला, की अख्ख्या खात्याची दुखणी एका माणसाच्या अंगात गेलीत, मग याचं कोण नेणार? म्हणून पाळी लावली. रोज सकाळी एकाने साहेबांपुढे उभं राहून म्हणायचं, "त्सावत तानेम, साहेब."

पहिल्या दिवशी साहेब टोपी काढून मागाच्या बैठकीवर बसूनच राहिले. त्यांना हे कलकत्त्यात आईनंतर कुणी म्हटलं नव्हतं म्हणे.

यल्लप्पाची पाळी आली. आम्हाला वाटलं, हा काही म्हणणार नाही. पण तो आला, थरथरता हात साहेबांच्या खांद्यावर ठेवला आणि नीट म्हणाला. साहेब त्या दिवशी जेवलेही नाहीत.

*

परीक्षेच्या दिवशी विव्हिंग मास्तर हातात घड्याळ घेऊन उभे. प्रत्येकाला एक मिनिट, दहा दोरे. यल्लप्पाचा नंबर शेवटचा. पहिला दोरा भोकाच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून. मास्तरांनी मान हलवली. तरी शिस्त म्हणून मिनिट पुरं होईपर्यंत थांबले.

साहेबांनी पाना खाली ठेवला. चिंध्यांनी हात पुसले, बोटन् बोट पुसलं. मग यल्लप्पाच्या मागे जाऊन दोन शब्द म्हणाले.

उरलेल्या वेळात दहाच्या दहा दोरे गेले. मास्तरांनी घड्याळ कानाला लावून बघितलं.

"पास," ते म्हणाले.

यल्लप्पा मागावर गेला आणि पुढे अकरा वर्षं त्याच मागावर राहिला. मास्तरांनी कागद साहेबांपुढे सरकवला, कारण माणसं निवडल्याच्या दाखल्यावर फिटरसाहेबांची सही लागायची. पेनही उघडून दिलं.

साहेबांनी उजवा हात खिशातून काढला नाही. म्हणाले, "स्टँप पॅड है? अंगूठा लगाएगा."